राज्यपालांच्या डोक्याचं माप

माझे वडील, नौदलातले निवृत्त सिग्नलमन ज्ञानू सटवा कांबळे, यांच्यावर अन्याय झाला तो मंगळवारी, दुपारी पावणेचार वाजता, गडहिंग्लजच्या एका छापखान्यात. पान चौदा, परिच्छेद दुसरा. मी पत्रकं लिहून वाढलेली बाई आहे. पत्रकात पहिल्या ओळीत अन्याय आणि दुसऱ्या ओळीत तो करणाऱ्याचं नाव, अशी आमची शिस्त. इथं मात्र दुसरी ओळ मी थोडी लांबवणार आहे. ती लिहायला मला निम्मं आयुष्य लागलं, तुम्हाला चार पानं थांबायला हरकत नसावी.

आमचं घर नेसरीच्या अलीकडच्या गावात, वस्तीतलं शेवटचं. दोन खोल्या, मागं परसू. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आईला अव्वा, कारण तिचं माहेर हद्दीपलीकडं कानडी मुलखातलं, आणि तिनं आई म्हणून घ्यायला साफ नकार दिला होता. अण्णांनी पंधरा वर्षं समुद्रावर काढली आणि उरलेली सगळी हयात घरालाच जहाज समजून. जमिनीला ते डेक म्हणायचे, चुलीच्या खोलीला गॅली. पहाटे उठून गार पाण्यानं आंघोळ, मग पितळेचा तांब्या चिंच-राखेनं असा घासायचे की अव्वा त्यात बघून भांग पाडायची. अंथरुणांच्या घड्या एका मापाच्या. चहा झाला की कपाच्या कडेवर चमच्यानं टकटक, टक, टकटकटक, असा निरोप द्यायचे. अव्वा म्हणायची, "कप फुटला तर तुमचा सिग्नल काय दुसरा आणून देणार हाय?" पंधरा वर्षं पाण्यावर काढलेला हा माणूस मासा तोंडात घालत नव्हता. सुकट भाजली की उठून परसात जायचा आणि तिथून म्हणायचा, "शेजाऱ्याला कोण खातं काय?" आम्ही मक्याच्या कण्या, ताक आणि मिरचीचा खर्डा खाऊन वाढलो. आज डॉक्टर मला नेमकं तेच खायला सांगतात, आणि सांगायचे पैसे घेतात.

बारावीनंतर मी वर्षभर कबनूरला आत्याकडं राहिले. आत्या यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायची. तिथं दिवसभर मागांचा असा खडखडाट की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, आणि घरी आल्यावरही त्यांचा आवाज खाली उतरत नाही. माझा अजून उतरलेला नाही. आत्याच्या गल्लीत कामगारांची पत्रकं निघायची. एक म्हातारा मागवाला ती लिहायचा, त्याच्या हाताखाली मी शिकले. माझा पहिला मजकूर त्यानं वाचला आणि त्यातली 'जुलमी', 'मदांध', 'निर्लज्ज' ही तिन्ही विशेषणं खोडली. म्हणाला, "पोरी, विशेषणाला मालक भीत न्हाय. वार, वेळ आन् जागा लिही. त्याला भितोय." ही विद्या घेऊन मी गावी परत आले आणि गडहिंग्लजच्या कॉलेजात नाव घातलं. सकाळची बस आमच्या वस्तीच्या फाट्यावर थांबत नसे. वर गावातल्या चौकातच थांबायची. चौकापर्यंत चालत जाईतो ती गेलेली असायची. वस्तीतल्या सात मुलींनी त्या बसपायी कॉलेज सोडलं, त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. मी नाही सोडलं, कारण मी बसच्या आडवी उभी राहायचे. ड्रायव्हर मला बघून ब्रेक मारायचा आणि मग अख्ख्या प्रवासभर माझा उद्धार करायचा. फाट्यावर अधिकृत थांबा मिळावा, ही माझी त्या काळातली एकमेव राजकीय भूमिका होती. बाकी क्रांती मी पुढं ढकलली होती.

आता राज्यपाल. त्यांचं नाव दौलतराव. आडनाव लिहीत नाही, ते गावाच्या कमानीवर आहे, तेवढं त्याला पुरे. दौलतराव वरच्या आळीतले. गावात पोहायला विहीर एकच, ती वरच्या आळीची. तिथं ते पोहायला शिकले आणि नौदलात गेले. माझे वडील ओढ्याच्या डोहात पोहायला शिकले आणि तेही नौदलात गेले. विहिरीतून गेलेला अधिकारी झाला, डोहातून गेलेला सिग्नलमन. पुढं दौलतराव कमांडर झाले, कॅप्टन झाले, व्हाइस ॲडमिरल झाले. छातीवर पदकांच्या रांगा आल्या. प्रत्येक बढतीला गावात पेढे वाटले गेले, आणि ते आमच्या वस्तीपर्यंत येईतो संपले. शेवटी ते निवृत्त झाले आणि सरकारनं, आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलेल्या या माणसाला, अशा एका डोंगराळ राज्याचं राज्यपाल केलं जिथून समुद्र बघायचा तर दोन दिवस रेल्वेत बसावं लागतं. गावाला त्याचं काही वाटलं नाही. राज्यपाल म्हणजे राज्यपाल. नागरी सत्कार ठरला.

सत्कार समितीचे अध्यक्ष बापूसाहेब. दूध संस्थेचे चेअरमन, त्यामुळं गावात ज्याच्या घरी म्हैस आहे तो प्रत्येक जण त्यांचं ऐकायचा. त्यांनी ठरवलं की एक गौरव अंक काढायचा: साहेबांचं जीवन आणि कार्य, आर्ट पेपरवर, फोटोसकट. लिहिणार कोण? हायस्कूलच्या हेडमास्तरांनी पहिलं पान लिहून दाखवलं, त्यात भारतमाता, सह्याद्री आणि अरबी समुद्र आले, साहेब आलेच नाहीत. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं. पोरगी तोंडाळ आहे पण लेखणी चालते, आणि तिचा बाप साहेबांच्याच जहाजावर होता, माहिती घरातच आहे. बापूसाहेबांनी मला संस्थेत बोलावलं, चहा पाजला (काचेच्या पेल्यातून. स्टीलचे कप होते, ते इतरांना) आणि सांगितलं की लेखक म्हणून हेडमास्तरांचं नाव राहील, पण समिती तुला विसरणार नाही. मी लगेच हो म्हटलं. कशासाठी, हे माझं मला ठाऊक होतं. जो माणूस पंतप्रधानांच्या शेजारी बसून जेवलाय, त्याच्या एका शब्दानं बस थांबेल.

आणि अण्णा बोलायला लागले. इतकी वर्षं आम्हाला त्यांनी समुद्राचं काहीच सांगितलं नव्हतं. मी वही घेऊन बसले, ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले, आणि तीन संध्याकाळी त्यांनी अख्खं जहाज उभं केलं. कोण कुठं झोपायचं, बावटे कसे घडी घालून कप्प्यात ठेवायचे, इंजिनाचा आवाज बदलला की स्वयंपाक्याच्या आधी मांजराला कसं कळायचं. तिसऱ्या संध्याकाळी ते थांबले आणि अव्वाकडं बघून म्हणाले, "दौलतरावाची आई गेली, त्याला किती झालं?"

"दोन वर्षं झाली की. तुम्हीच मातीला गेलतासा," अव्वा म्हणाली.

"मग आता सांगाय हरकत न्हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. दौलतराव तेव्हा अगदी नवे अधिकारी. त्यांचा पहिलाच स्वतंत्र पहारा, सकाळी आठ ते बारा. म्हणजे चार तास जहाज त्यांच्या हुकमावर. समुद्र खवळलेला, आणि विहिरीत शिकलेल्या या अधिकाऱ्याला समुद्र लागला. असा लागला की उभं राहवेना. खाली कॅप्टन. कॅप्टन वर आला आणि त्यानं बघितलं असतं तर हा अधिकारी पुढं किनाऱ्यावर फायली मोजत म्हातारा झाला असता. शेजारी माझे वडील. त्यांनी कप्प्यातला एक फाटका बावटा काढला आणि साहेबांच्या पोटाला आवळून बांधला, आपल्याकडं पोतं उचलताना पंचा बांधतात तसा. साहेबांच्या आईनं पाठवलेलं जोतिबाचं खोबरं त्यांच्या खिशात असायचं, त्यातला तुकडा मोडून गालात ठेवला. एका हातानं बादली धरली. आणि सुकाणूवाल्याला हुकूम द्यायची जी नळी असते, तिच्यात तोंड घालून, साहेब पुटपुटतील तो हुकूम साहेबांच्याच आवाजात मोठ्यानं खाली दिला. चार तास. साध्या सिग्नलमननं असा हुकूम देणं हा गुन्हा. धरले असते तर साहेबांच्या आधी हेच घरी आले असते. मी मध्येच विचारलं की आपण धम्म स्वीकारलेलं घर, तुम्ही जोतिबाचं खोबरं हातात कसं घेतलंत? अण्णा म्हणाले, "देव त्याचा हुता, मळमळ त्याची हुती. माझी नुसती बोटं."

बाराला पहारा बदलला. जहाजावर हे दोघं कधी मराठीत बोलायचे नाहीत, एक साहेब आणि एक खलाशी. त्या दिवशी जिना उतरताना दौलतराव एवढंच म्हणाले, "ज्ञानू, आईला सांगू नगंस." अण्णांनी कुणालाच सांगितलं नाही. बढत्या झाल्या, पेढे वाटले, आमच्यापर्यंत आले नाहीत, अण्णा गप्प. आई गेली, दोन वर्षं सुतक पाळल्यासारखी गेली, मग सांगितलं. शब्द पाळणं म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि पुढच्या आठवड्यात मी ते विसरले.

तो प्रसंग मी पान चौदावर लिहिला. बादलीसकट. मला वाटतं, त्यानंतर मी कित्येक पत्रकं, दोन पुस्तिका आणि असंख्य निवेदनं लिहिली, पण तितकं चांगलं पान परत जमलं नाही. मंगळवारी गडहिंग्लजच्या छापखान्यात मी प्रुफं तपासत बसले होते. बापूसाहेब जीपमधून उतरले, पान चौदा वाचलं, आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सुजे, राज्यपालाला वकायला लावलंस व्हय गं?"

"मी नाही, समुद्रानं लावलं."

"समुद्राला आपण निमंत्रण दिल्यालं न्हाय. पान काढ." मग खुर्ची ओढून बसले आणि आवाज मऊ केला. त्यांचा आवाज मऊ झाला की म्हशीसुद्धा सावध व्हायच्या. त्यांनी विचारलं की तुला ते बसचं निवेदन द्यायचंय असं ऐकतो, खरं काय? मी खरं म्हटलं. "मग असं कर. स्टेजवर दोन मिनिटं देतो. माईक न्हाय. पर फोटो हाय."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. मी लाल पेन घेतलं.

तर ही ती दुसरी ओळ. अन्याय करणाऱ्याचं नाव: कुमारी सुजाता ज्ञानू कांबळे, बी.ए. भाग दोन. बापूसाहेबांनी सांगितलं हे खरं, पण पेन त्यांच्या हातात नव्हतं. आणि मी नुसतं खोडलं नाही. जागा रिकामी राहील म्हणून तिथं स्वतःच्या हातानं लिहिलं: "त्या वादळात ते चार तास, एकटे, खडकासारखे उभे राहिले." मजकूर बसवणाऱ्यानं वाचून मान डोलावली. मलाही ते वाक्य बरं वाटलं, हे लपवून काय करू?

छापलेला अंक घरी नेला तेव्हा अण्णांनी आधी हात धुतले, मग पान चौदा काढलं. त्यांना आकडा पाठ होता, मीच सांगितला होता. वाचलं. परत वाचलं. मी कारणं तयार ठेवली होती, सात मुलींची नावं तयार ठेवली होती. अण्णा चष्मा काढत म्हणाले, "खडक म्हंजे जहाजाला धोका अस्तो गं. खडकागत हुबा ऱ्हायला म्हंजे कुणीतरी आपटणारच की." मग अंक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवला. अव्वा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, पण ताटात वाढलं सगळं, आणि खर्डा जरा जास्तच वाढला.

पुढचं संकट राजभवनातून आलं. कळवण्यात आलं की समारंभात माननीय राज्यपालांच्या डोक्याला कुणीही हात लावू नये. फेटा बांधायचा तर डोक्याला हात लागणार, आणि फेट्याशिवाय सत्कार झाला तर आमच्या गावाला पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा नव्हती. तोडगा निघाला: फेटा आधीच दुसऱ्या डोक्यावर बांधायचा आणि उचलून साहेबांना द्यायचा, ते स्वतः घालतील. राजभवनानं साहेबांच्या टोपीचा नंबर कळवला. टोपीला नंबर असतो, हे अख्ख्या गावात ठाऊक असलेला माणूस एकच. समितीनं अण्णांना बोलावलं, नंबर दाखवला. अण्णा म्हणाले, "हा तर माझाच." बापूसाहेबांनी तरी गावातली बरीच डोकी सुतळीनं मोजून बघितली. वरच्या आळीतलं एकही बसलं नाही. एक लहान निघालं, एक मोठं, स्वतः बापूसाहेबांचं तर मापातच येईना. शेवटी त्यांनी निरोप धाडला की ज्ञानूला म्हणावं, डोकं धुऊन ये. अण्णांनी उलट निरोप धाडला, "धुतल्यालं हाय. साहेबांस्नी पण सांगा म्हणावं, धुऊन या."

त्यानंतरच्या आठवड्यात, बुधवारी रंगीत तालीम झाली. पाहणीला राजभवनातून पांढऱ्या गणवेशातला एक कोवळा अधिकारी आला होता. तो म्हणाला की साहेबांच्या जागी कुणीतरी बसा, म्हणजे वेळ मोजता येईल. फेटा बांधायला आलेले अण्णा आयतेच समोर होते. "आप बैठिए," म्हणून त्यानं त्यांचा हात धरून स्टेजवर नेलं. कोल्हापुरातून भाड्यानं आणलेली लाल मखमली खुर्ची होती. समितीत कुजबुज झाली. मखमल नवी आहे, मळेल. बापूसाहेब घाईनं पुढं झाले आणि अण्णा बसायच्या आत त्यांनी खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरला. का अंथरला, हे मला कळलं, अण्णांना कळलं, मांडवात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. न कळणारा एकटा तो अधिकारी. त्याच्या खात्यात मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल असतोच. तो खूश झाला. म्हणाला, बहुत अच्छे, टॉवेल तर मी सांगायचाच विसरलो होतो, उद्याही असाच राहू द्या. आणि त्यानं वहीत लिहून घेतलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी राज्यपालसुद्धा त्याच टॉवेलावर बसले. समितीला तो काढता आला नाही. वहीत लिहिला होता.

पण बुधवारचा अर्धा तास माझे वडील राज्यपाल होते. पोलिसांनी सलामी दिली, अण्णांनी ती अशी परत केली की फौजदार आपोआप ताठ झाला. हाराच्या जागी सुतळीचा वेढा गळ्यात पडला. हेडमास्तरांनी मानपत्र वाचलं. मांडवाच्या मागून कुणीतरी ओरडलं, "ज्ञानूदा, बसलाच हायसा तर पाण्याच्या टाकीचं बघा की." अण्णा न हसता म्हणाले, "मंजूर." दुसरा म्हणाला, "आन् फाट्यावरचा थांबा?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तोबी मंजूर. लिहून घ्या पावणं." अधिकाऱ्यानं खरंच वही उघडली. त्या दिवशी माझ्या वडिलांनी जेवढा कारभार केला, तेवढा मी नंतर कुठल्या राज्यपालाला करताना बघितला नाही.

गुरुवारी सकाळी गणपा टेलरनं शाळेच्या वर्गात अण्णांच्या डोक्यावर फेटा बांधला. भगवा, जरीकाठी, तुरा उभा. बांधून झाल्यावर सगळे दोन पावलं मागं सरकले. मग गणपानं फेटा दोन्ही हातांनी अलगद उचलला, ताटात ठेवला, वर रुमाल झाकला, आणि ताट मांडवाकडं गेलं. अण्णा मागोमाग निघाले. फाटकावरच्या पोलिसानं पास विचारला. पास नव्हता. फेट्याचा पास काढला होता, डोक्याचा काढायचा राहिला. समितीतल्या कुणाला सांगावं तर सगळे हार घेऊन उभे. अण्णा बांबूच्या कठड्याबाहेर जाऊन उभे राहिले.

मी स्टेजच्या कडेला होते, हातात निवेदन, गळ्यात पास. साहेब आले. उंच, सडपातळ, थकलेले. ताटातला फेटा त्यांनी उचलून डोक्यावर ठेवला आणि तो असा बसला की त्यांनी चमकून दोन्ही हात वर नेले. बापूसाहेबांकडं वळून विचारलं, "झकास बसला. कुणाच्या डोक्यावर बांधलात?" बापूसाहेब म्हणाले, "आपल्याच गावच्या डोक्यावर, साहेब." टाळ्या पडल्या. मी तीन हातांवर उभी होते. मी गप्प राहिले. माझी दोन मिनिटं अजून यायची होती.

ती आली. मी निवेदन पुढं केलं आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. साहेब ऐकत नव्हते. ते खालची सही वाचत होते. इतका वेळ शुद्ध बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज एकदम गावचा झाला. "ज्ञानूची व्हय तू? सिग्नलच्या ज्ञानूची? हाय का तो?"

आता मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही आज कळतं. हाय की साहेब, त्या बांबूच्या पलीकडं उभा हाय, तुमच्या डोक्यावर हाय ते त्याच्याच डोक्याचं माप हाय. एवढं बोलायला दहा सेकंद. पण घड्याळ बघत तो कोवळा अधिकारी उभा होता, फोटोवाला वाकला होता, आणि माझ्या डोळ्यापुढं सात मुली होत्या, किंवा माझी मी होते, देव जाणे. मी म्हणाले, "आहेत साहेब. पण तेवढी मागणी क्रमांक दोन बघा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मागणी क्रमांक दोन बघितली. अधिकाऱ्यानं निवेदन हातातून घेऊन चामडी पिशवीत टाकलं. वेळ संपली.

भाषणात साहेबांनी गौरव अंक उघडला. पान चौदा. "त्या वादळात मी चार तास, एकटा, खडकासारखा..." इथं ते थांबले. पाण्याचा घोट घेतला. "असं तुम्ही लिहिलंय," म्हणाले, आणि अंक मिटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांचं लक्ष होतं म्हणून.

गाड्यांचा ताफा कठड्यापाशी वळला तेव्हा अण्णांनी सलाम केला. घरी आल्यावर अव्वानं विचारलं, त्यांनी बघितलं काय? अण्णा म्हणाले, "काच काळी हुती. आत हात वर झाल्यागत वाटलं. फेटा सारखा करत असंल." मग चहा झाला, कपावर टकटक झाली, नेहमीपेक्षा लांब. मी विचारलं, आज काय सांगितलंत? म्हणाले, "साखर कमी हाय म्हणून."

अडीच महिन्यांनी राजभवनातून लखोटा आला. मी तो वस्तीतल्या सगळ्यांना गोळा करून फोडला. पत्र हिंदीत होतं. आमचं निवेदन त्यांनी खरोखर मनावर घेतलं होतं आणि परिवहन खात्याकडं धाडलं होतं. त्यांच्या राज्याच्या परिवहन खात्याकडं. खात्यानं कसून चौकशी केली होती आणि खेदानं कळवलं होतं की सदर नावाचं गाव आमच्या राज्यात आढळून येत नाही. दुसऱ्या राज्याच्या राज्यपालाला आपल्या गावची बस थांबवता येत नाही, हे मला, बापूसाहेबांना, हेडमास्तरांना, अख्ख्या समितीला, कुणालाच सुचलं नव्हतं. राज्यपाल म्हणजे राज्यपाल. वस्तीतले लोक पोट धरून हसले. मी पत्र घेऊन परसात गेले आणि अण्णांना तिथं पहिल्यांदा सांगितलं की साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं, नाव घेऊन विचारलं होतं, आणि मी मागणी क्रमांक दोन सांगत बसले.

ते नारळाला पाणी घालत होते. त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "दोन नंबरला काय लिवल्यालं?"

"फाट्यावर थांबा."

"मग बराबर हाय," ते म्हणाले, आणि बादली उचलून आत गेले. त्यांनी शिवी दिली असती तर मी आज हे प्रकरण लिहिलं नसतं.

थांबा पुढं मिळाला. निवेदनानं नाही. वस्तीतल्या मुली फाट्यावर रांगेनं बसल्या, बस तीन दिवस पुढं सरकली नाही, चौथ्या दिवशी पाटी लागली. साहेब वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचं जीवन आणि कार्य छापलं. बहुतेक मजकूर गौरव अंकातून उचललेला, त्यात माझा खडक होता. अण्णा त्यानंतर वर्षभरानं गेले. त्यांचं कुणी छापलं नाही. खडक मात्र हायस्कूलच्या भाषणस्पर्धेत अजून उभा आहे, गेल्याच वर्षी एका मुलीनं त्याच्यावर पहिलं बक्षीस मिळवलं, आणि ते मीच दिलं.

म्हणून आता मागणी. एकच आहे, क्रमांक घालत नाही. तो अंक तालुक्यात घरोघर वाटला होता. तुमच्या घरी असेल, ट्रंकेत, माळ्यावर, देव्हाऱ्याखाली. नसेल तर शाळेच्या कपाटात आहे, किल्ली शिपायाकडं असते, मागा. पान चौदा काढा. दुसरा परिच्छेद. 'एकटे' हा शब्द पेनानं खोडा. शिसपेन नको. वर समासात लिहा: शेजारी सिग्नलमन ज्ञानू सटवा कांबळे होते, त्यांच्या हातात बादली होती. आणि खाली, त्याच शाईनं, हे पान कुणी बदललं तिचं नाव लिहा. नाव मी वर दिलेलं आहे. उद्या नको. हे पुस्तक तसंच उघडं ठेवून उठा.